संत गोन्सालो गार्सिया : वसईच्या गोल कमानींपासून नागासाकीच्या टेकडीपर्यंत

इ.स. १५९७ च्या फेब्रुवारी महिन्यात ५ तारखेस जपानमधील नागासाकी शहराजवळच्या एका टेकडीवर सव्वीस ख्रिस्ती जनांना क्रूसावर चढवून ठार मारण्यात आले. त्या सव्विसांपैकी एक जण आपल्या महाराष्ट्राच्या मातीत जन्मलेला होता. वसईत जन्मलेले, वसईच्या मातेच्या मांडीवर वाढलेले आणि अखेरच्या श्वासापर्यंत साधे व्रतबंधू राहिलेले हे रक्तसाक्षी म्हणजे संत गोन्सालो गार्सिया. वसई परिसरात त्यांचे नाव घरोघरी घेतले जाते. जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबार या आमच्या भागात मात्र अनेकांनी नाव ऐकलेले असते, चरित्र ठाऊक नसते. ही उणीव थोडीफार भरून काढावी या हेतूने हा लेख आम्ही सादर करीत आहोत.

संत गोन्सालो ग्रंथकर्ते नव्हते. ते धर्मगुरूही नव्हते, त्यामुळे त्यांची प्रवचने संग्रहित होण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांचे चरित्र उभे करायचे तर ज्या ख्रिस्तमंदिरांच्या सावलीत ते वाढले, ज्यांच्या उभारणीस त्यांनी हातभार लावला आणि ज्यांच्यामुळे त्यांच्यावर मरण ओढवले, त्या वास्तूंकडे पाहावे लागते. खान्देशात मध्ययुगीन ख्रिस्तमंदिर एकही नाही. नाशिक धर्मप्रांताची स्थापनाच मुळी १९८७ सालची. म्हणूनही जुन्या दगडी चर्चचा इतिहास आमच्या वाचकांना थोडा तपशिलाने सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते.

गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने २३ डिसेंबर १५३४ रोजी झालेल्या तहान्वये वसई पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली. पुढे १५३६ पासून तेथे कोटाचे काम सुरू झाले आणि पाहता पाहता समुद्रकाठच्या त्या ठाण्याचे एक भरभराटीचे शहर झाले. व्यापारी पेढ्या, गलबतांचा धक्का, वाडे, रुग्णालय आणि निरनिराळ्या संघांची मठ-मंदिरे कोटाच्या आत दाटीने उभी राहिली. त्या शहरात सुमारे १५५६ साली गोन्सालो यांचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज, आई वसईचीच. त्या वेळी आपल्या खान्देशावर बऱ्हाणपूरच्या फारुकी सुलतानांची सत्ता होती, आणि सह्याद्रीपलीकडे समुद्राच्या काठी काय घडते आहे याची वार्ता तापीकाठच्या शेतकऱ्याला क्वचितच पोहोचत असेल.

वसईच्या कोटात आज जे भग्नावशेष दिसतात त्यांत तीन-चार ख्रिस्तमंदिरे विशेष लक्ष वेधून घेतात. येशूसंघीयांचे येशूच्या पवित्र नावाचे चर्च, ज्याचा पाया १५४९ साली घातला गेला. संत जोसेफ यांच्या नावाचे मुख्य चर्च, ज्याच्या दर्शनी मनोऱ्याखालील लेखात १६०१ साली महागुरुस्वामी आलेशो द मेनेझिस यांच्या कारकिर्दीत ते नव्याने बांधल्याची नोंद आहे. डोमिनिकन संघाचे चर्च. आणि फ्रान्सिस्कन संघाचे संत अंतोनी यांचे चर्च, जे तेथील अतिशय जुन्या चर्चपैकी एक होय. या शेवटच्या वास्तूत उभे राहिल्यावर माणूस नकळत वर पाहतो. छप्पर केव्हाच गेले आहे, परंतु मंदिराच्या रुंदीवर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत टाकलेल्या प्रचंड अर्धगोल कमानी अजून उभ्या आहेत. त्यांच्यावर एके काळी लाकडी छप्पर पेलले जात असे. आता तेथे आकाश आहे. खाली जमिनीत पोर्तुगीज अक्षरे कोरलेल्या कबरींचे दगड एकाशेजारी एक बसवलेले आहेत.

ही अर्धगोल कमान आली कोठून? येथे थोडे विषयांतर करावे लागेल. युरोपात साधारणपणे दहाव्या शतकापासून बाराव्या शतकापर्यंत ज्या पद्धतीने ख्रिस्तमंदिरे बांधली गेली तिला रोमनेस्क पद्धती म्हणतात. प्राचीन रोमन लोकांच्या इमारतींवरून घेतलेली अर्धवर्तुळाकार कमान हा तिचा प्राण. जाड भिंती, लहान लहान खिडक्या, भक्कम खांब आणि पुष्कळ ठिकाणी आडव्या पिंपाच्या आकाराचे दगडी छत ही तिची इतर लक्षणे. भिंती जाड का, तर अर्धगोल कमान आपल्यावरील भार केवळ खाली देत नाही, तो दोन्ही बाजूंना ढकलते. तो रेटा सोसण्यासाठी भिंत रुंद व जड लागते, आणि तिला मोठी खिडकी पाडली तर ती दुबळी होते. म्हणून रोमनेस्क चर्चच्या आत नेहमी मंद, शांत काळोख असतो. पुढे गॉथिक पद्धतीत टोकदार कमान आली. तिचा रेटा बाहेरच्या बाजूस कमी असल्यामुळे इमारती उंच गेल्या, खिडक्या मोठ्या झाल्या. टोकदार कमान पाहण्यासाठी आमच्या वाचकांना युरोपास जाण्याची गरज नाही. शिरपूर तालुक्यात तापीच्या काठी थाळनेर येथे फारुकी सुलतानांच्या कबरींच्या इमारती आहेत, त्यांच्या कमानी टोकदारच आहेत. सुलतानी कारागिरांना ती कमान स्वतःच्या परंपरेतून मिळाली होती.

वसईची चर्चे सोळाव्या शतकातील, म्हणजे रोमनेस्क काळाच्या कितीतरी नंतरची आहेत. त्यांच्या दर्शनी भागांवर त्या काळच्या इटलीतून आलेल्या नव्या अभिरुचीची छाप आहे. येशूसंघीयांच्या चर्चचा स्तंभांनी सजविलेला दर्शनी भाग पाहिला म्हणजे हे लगेच ध्यानात येते. तरीही जाड भिंत आणि अर्धगोल कमान हा जुना वारसा त्यांनी सोडलेला नाही. दगड मात्र सर्वस्वी इथलाच. वसईच्या दगडाची त्या काळी एवढी ख्याती होती की जुन्या गोव्यातील बॉम जेझू बॅसिलिकेच्या दर्शनी भागासाठी काळा दगड वसईहून समुद्रमार्गे नेण्यात आला. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या दर्शनासाठी गोव्यास जाणाऱ्या आपल्या यात्रेकरूंपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असते.

फ्रान्सिस्कन संघाचे मूळ तर एका अस्सल रोमनेस्क वास्तूतच आहे. असिसीजवळ झाडीत संत बेनेडिक्टच्या मठवासियांच्या मालकीचे एक पडके, एवढेसे देवालय होते. त्याला पोर्सिउंकुला म्हणत. या नावाचा अर्थच जमिनीचा लहानसा तुकडा. ओबडधोबड दगडांच्या भिंती, वर दगडी छत, आत शिरावयास गोल कमानीचे दार. तेराव्या शतकाच्या आरंभी असिसीच्या फ्रान्सिस यांनी संत दामियान यांचे चर्च आणि हे देवालय आपल्या हातांनी दगड वाहून दुरुस्त केले. पोर्सिउंकुलाभोवतीच त्यांचे पहिले बंधू राहू लागले, तेथेच संत क्लेअर यांनी व्रतस्थ जीवन स्वीकारले आणि तेथूनच जवळ ३ ऑक्टोबर १२२६ रोजी फ्रान्सिस यांनी देह ठेवला. गोन्सालो वसईत बालपण घालवीत होते त्याच काळात, १५६९ साली, त्या चिमुकल्या देवालयाला पोटात घेणारी एक भव्य बॅसिलिका असिसीस बांधावयास सुरुवात झाली. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे, कारण ते पुढे जपानात पुन्हा भेटणार आहे.

गोन्सालो यांचे शिक्षण वसईतच येशूसंघीय धर्मगुरूंच्या हाताखाली झाले. त्यांचे गुरू फादर सेबास्तियान गोन्साल्विस यांचा त्यांच्यावर विशेष लोभ होता. मिस्सासेवा, लॅटिन प्रार्थना, वाचन, लेखन, गायन असे ते शिक्षण असे. आईकडून इथली बोली, वडिलांकडून पोर्तुगीज, शाळेत लॅटिन. भाषा त्यांना सहज येत. त्यांच्या पुढील सर्व आयुष्याची किल्ली येथेच आहे असे आम्हांस वाटते. १५७२ साली, वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी, ते येशूसंघीयांबरोबर जपानला निघाले. आज आपण विमानाच्या तासांत मोजतो तो प्रवास तेव्हा पावसाळी वाऱ्यांच्या लहरीवर महिनोन्‌महिने चालत असे.

जपानमध्ये ख्रिस्ती धर्माचे बीज संत फ्रान्सिस झेवियर यांनी १५४९ साली पेरले होते. गोन्सालो पोहोचले तोवर त्याला चांगलीच पालवी फुटली होती. त्यांनी अल्पावधीत जपानी भाषा आत्मसात केली आणि सुमारे आठ वर्षे ते धर्मप्रशिक्षक म्हणून राबले. वस्त्यावस्त्यांतून फिरावे, मुलांना जमवावे, प्रार्थना शिकवाव्यात, आजाऱ्यांकडे धर्मगुरूंना घेऊन जावे, आणि युरोपीय धर्मगुरूंचे बोलणे लोकांच्या भाषेत उतरवून द्यावे, असे हे काम होते. आपल्या गावोगावच्या प्रशिक्षकांना ते निराळे सांगावयास नको.

या आठ वर्षांत त्यांच्या मनात एकच आस होती, येशूसंघात प्रवेश मिळावा. ती पुरी झाली नाही. ज्यांच्यासाठी ते बोलत, ज्यांच्या घरात राहत, त्यांनी त्यांना आपल्यात घेतले नाही. त्या काळी भारतात जन्मलेल्या आणि मिश्र रक्ताच्या तरुणांना संघात घेण्यास अनेक वरिष्ठांचा विरोध होता, ही इतिहासाची नोंद आहे. ती लपविण्यात हित नाही. संतांच्या चरित्रांत अशा गोष्टी पुष्कळदा एका ओळीत उरकल्या जातात. आम्ही येथे थोडे थांबू इच्छितो. पंचविशीच्या आतबाहेरचा एक तरुण, घरापासून हजारो कोस दूर, आठ वर्षांची सेवा पदरी असताना दारातून परत फिरवला जातो. त्याने कटुता धरली असती तर त्याला दोष कोण देता? गोन्सालो यांनी जपान सोडले, धर्म सोडला नाही. त्यांनी सरळ पोट भरण्याचा मार्ग धरला आणि ते व्यापारी झाले.

व्यापारातही त्यांना यश आले. अलकाओ नावाच्या बंदरी त्यांनी पेढी घातली आणि पूर्वेकडील बंदरांतून त्यांचा व्यवहार वाढला. पैसा मिळाला, मान मिळाला, ओळखी झाल्या. त्या व्यवहाराच्या निमित्ताने ते फिलिपिन्समध्ये मनिला येथे जाऊ लागले आणि तेथे त्यांची गाठ फ्रान्सिस्कन बंधूंशी पडली. मनिलातले हे फ्रान्सिस्कन अनवाणी चालणारे, अत्यंत कडक गरिबी पाळणारे होते. त्यांच्या राहणीचा गोन्सालो यांच्यावर खोल ठसा उमटला. १५८० च्या दशकात त्यांनी आपला व्यवसाय आवरला आणि मनिलाच्या मठात व्रतबंधू म्हणून प्रवेश घेतला.

व्रतबंधू हा शब्द नीट समजून घ्यावा. व्रतबंधू धर्मगुरू नसतो. तो मिस्सा अर्पण करीत नाही, पापनिवेदन ऐकत नाही. मठाचे दार, स्वयंपाक, बाजार, आजाऱ्यांची शुश्रूषा, वेदीची झाडलोट अशी कामे त्याच्या वाट्यास येतात. ज्या माणसाने पेढी चालवली होती, तो आता पाणी भरू लागला. परंतु त्याच्याकडे एक अशी गोष्ट होती जी मनिलाच्या विद्वान धर्मगुरूंपैकी कोणाकडे नव्हती. त्याला जपानी भाषा येत होती.

जपानात तोवर वारे फिरले होते. देशाचा सर्वसत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने १५८७ साली धर्मप्रचारकांनी देश सोडावा असा हुकूम काढला होता, जरी त्याची अंमलबजावणी कडकपणे होत नव्हती. पुढे त्याने फिलिपिन्सच्या स्पॅनिश सत्तेने आपले मांडलिकत्व मानावे अशी मागणी केली. तिला उत्तर म्हणून मनिलाच्या राज्यपालाने १५९३ साली फादर पेद्रो बाउतिस्ता यांच्या नेतृत्वाखाली शिष्टमंडळ पाठवले. त्यात दुभाषी म्हणून व्रतबंधू गोन्सालो होते. कोरियावरील स्वारीसाठी हिदेयोशीने नागोया येथे तळ दिला होता, तेथे ही भेट झाली. एका बाजूला लाखोंच्या सैन्याचा धनी, दुसऱ्या बाजूला अनवाणी फकीर, आणि दोघांच्या मध्ये वसईचा हा पुत्र. एक शब्द इकडचा तिकडे झाला असता तर तेथेच सर्वांचे शीर उतरले असते. भेट निर्विघ्न पार पडली. हिदेयोशी प्रसन्न झाला आणि त्याने फ्रान्सिस्कनांना क्योटो येथे राहण्यास जागा दिली.

त्या जागेवर १५९४ साली ख्रिस्तमंदिर उभे राहिले. त्याला नाव दिले गेले ते असिसीच्या त्या चिमुकल्या देवालयाचे, पोर्सिउंकुलाच्या माऊलीचे. असिसीची दगडी कमान क्योटोत अर्थातच नव्हती. जपानात भूकंप नित्याचे, त्यामुळे तेथील बांधकाम लाकडाचे. परंतु नाव, गरिबी आणि भोवताली आजाऱ्यांची वस्ती, हे तिन्ही तेच होते. संत फ्रान्सिस यांनी जसे कुष्ठरोग्याला आलिंगन दिले तसे या बंधूंनी मठाशेजारी दोन रुग्णालये काढली आणि समाजाने टाकून दिलेल्या कुष्ठरोग्यांना तेथे आश्रय दिला. बांधकामासाठी परवानग्या, सुतार, साहित्य, शेजारपाजार या सर्वांशी बोलणारी जीभ एकच होती. क्योटोचे पोर्सिउंकुला कोणी बांधले असे विचारले तर नाव पेद्रो बाउतिस्ता यांचे घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. आम्ही त्याशेजारी गोन्सालो यांचेही नाव घेऊ.

या यशाला एक दुखरी बाजूही होती. पोप ग्रेगरी तेरावे यांनी १५८५ साली जपानचे धर्मकार्य केवळ येशूसंघाकडे सोपविले होते, त्यामुळे फ्रान्सिस्कनांच्या येण्यावरून दोन्ही संघांत मतभेद झाले. येशूसंघीय हुकमाचा मान राखून शांतपणे, आडोशाने काम करीत होते. फ्रान्सिस्कन उघडपणे मिस्सा अर्पण करीत आणि उपदेश करीत. कोणाचे बरोबर होते हे चारशे वर्षांनंतर ठरविणे सोपे नाही. गोन्सालो यांची स्थिती मात्र विलक्षण होती. ज्या येशूसंघाने त्यांना घडवले आणि परत पाठवले, त्याच संघाच्या कार्यक्षेत्रात ते आता दुसऱ्या संघाचा झगा घालून उभे होते.

ऑक्टोबर १५९६ मध्ये सान फेलिपे नावाचे स्पॅनिश गलबत वादळात सापडून जपानच्या तोसा किनाऱ्याला लागले. त्यावरील मौल्यवान माल हिदेयोशीने जप्त केला. त्या प्रसंगी गलबताच्या सुकाणूदाराने फुशारकी मारली की स्पेनचा राजा आधी धर्मगुरू पाठवतो आणि मागून सैन्य, असे सांगितले जाते. ते शब्द खरोखर उच्चारले गेले की नाही यावर अभ्यासकांत वाद आहे. परिणाम मात्र ठरलेला होता. हिदेयोशीचा संशय आणि संताप भडकला. डिसेंबरमध्ये क्योटो आणि ओसाका येथील मठांवर पहारे बसले आणि पकडलेल्यांना मृत्युदंड फर्मावण्यात आला.

प्रथम चोवीस जण होते. ३ जानेवारी १५९७ रोजी क्योटो येथे त्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापण्यात आला; मूळ हुकूम नाक व दोन्ही कान कापण्याचा होता, अधिकाऱ्याने तो सौम्य केला. गाड्यांत बसवून त्यांची धिंड काढली गेली. मग सुरू झाली नागासाकीची वाट. ऐन हिवाळा, बर्फाळ वारे, हात बांधलेले, अंतर सुमारे ८०० किलोमीटर. जळगावहून मुंबईस जावे आणि तसेच परत यावे, जवळजवळ एवढी ही वाट. बहुतेक पायी, महिनाभर. वाटेत दोघे आणखी वाढले. बंद्यांची सेवा करीत मागून येणारे दोन जपानी ख्रिस्ती पकडले जाऊन त्यांच्यात घातले गेले आणि त्यांनी सुटकेसाठी तक्रार केली नाही. त्यांतील एक, फ्रान्सिस, सुतार होता. धर्मग्रामातील सुतारकाम, गवंडीकाम करणाऱ्या आपल्या बांधवांनी या संताची ओळख अवश्य करून घ्यावी.

त्या सव्विसांत सहा फ्रान्सिस्कन होते : पेद्रो बाउतिस्ता, मार्टिन, फ्रान्सिस ब्लांको, मेक्सिकोचे फिलिप, संत मिखाएलचे फ्रान्सिस आणि आपले गोन्सालो. तिघे येशूसंघीय होते. त्यांत पॉल मिकी हे प्रसिद्ध उपदेशक. उरलेले सतरा जण जपानी प्रापंचिक, त्यांत बारा वर्षांचा लुई, तेरा वर्षांचा अँथनी आणि आपल्या वडिलांबरोबर चाललेला चौदा वर्षांचा थॉमस अशी मुलेही होती. म्हणजे ज्या दोन संघांत मतभेद होते त्यांचे सभासद शेवटी एकाच दोरखंडाने बांधले गेले. ज्या येशूसंघाचे दार गोन्सालो यांना उघडले नव्हते, त्याचे तीन सभासद त्यांच्याच रांगेत उभे होते.

५ फेब्रुवारीच्या सकाळी निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस जमिनीवर मांडून ठेवले होते. परंपरेने सांगितले जाते की टेकडीवर पोहोचताच गोन्सालो पुढे झाले आणि एका क्रूसाजवळ जाऊन हा माझा का असे त्यांनी विचारले. तो त्यांचा नव्हता. दुसरा दाखवण्यात आला. त्याच्यापुढे गुडघे टेकून त्यांनी त्याला कवटाळले. जपानी रीतीप्रमाणे हात, पाय व मान क्रूसाला जखडून क्रूस उभे करण्यात आले आणि शेवटी दोन्ही बाजूंनी भाले खुपसण्यात आले. पॉल मिकी यांनी क्रूसावरूनच आपल्या शत्रूंना क्षमा केली. मुलांनी स्तोत्रे गाइली. गोन्सालो यांचे वय त्या वेळी सुमारे चाळीस होते.

पोप अर्बन आठवे यांनी १६२७ साली या रक्तसाक्षींना धन्य घोषित केले आणि ८ जून १८६२ रोजी पोप पायस नववे यांनी त्यांना संतपद दिले. म्हणजे भारतात जन्मलेल्या या पुत्राला संतपद मिळाले ते १८६२ साली. २००८ साली केरळच्या संत आल्फोन्सा यांना संतपद बहाल झाले तेव्हा काही ठिकाणी त्यांचा उल्लेख पहिल्या भारतीय संत असा झाला. त्या पहिल्या भारतीय स्त्री संत होत, हे म्हणणे अचूक ठरेल. वसईच्या लेकराला विसरून ते विधान करता येत नाही.

रक्तसाक्ष्यानंतर चारच वर्षांनी, १६०१ साली, वसईच्या संत जोसेफ चर्चचे नवे बांधकाम झाले. योगायोग असा की त्याच वर्षाच्या आरंभी अकबराने आपल्या खान्देशचा असीरगड जिंकला आणि फारुकी राज्य संपले. अकबराच्या छावणीत त्या वेळी येशूसंघाचे फादर जेरोम झेवियर होते आणि त्यांच्याबरोबर बेन्तो द गोइश हे व्रतबंधू होते. पुढे हेच गोइश मध्य आशियाच्या खडतर वाटेने चीनपर्यंत पोहोचले आणि तेथे १६०७ साली मरण पावले. गोन्सालो यांच्यासारखाच आणखी एक व्रतबंधू आमच्या बऱ्हाणपूरच्या वाटेने गेला होता, एवढीच नोंद येथे करून आम्ही पुढे जातो.

वसई १७३९ साली चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखालील मराठी सैन्याने जिंकली. त्यानंतर कोटातील शहर हळूहळू ओस पडले. छपरे कोसळली, लाकूड गेले, घडीव दगड निघाले, झाडांची मुळे भिंतींत शिरली. घंटाही गेल्या. नाशिकला पंचवटीत गोदावरीच्या काठी नारोशंकराच्या मंदिरावर जी प्रसिद्ध घंटा आहे तिच्यावर पोर्तुगीज अक्षरे व १७२१ हे साल कोरलेले असून ती वसईच्या विजयातून आली असे मानले जाते. आपल्या धर्मप्रांताच्या मुख्य नगरीत आलेल्या वाचकांनी ती जरूर पाहावी. मनात किंतु ठेवून पाहू नये. त्या काळच्या युद्धांत सर्वच बाजूंनी एकमेकांच्या पूजास्थानांचे नुकसान केले, आणि पोर्तुगीज सत्तेनेही वसई परिसरात ते केले होते.

गोन्सालो यांच्या आयुष्यातील वास्तूंचे काय झाले ते पाहावे. क्योटोचे पोर्सिउंकुला टिकले नाही. वसईची चर्चे छपराविना उभी आहेत. असिसीचे मूळ देवालय मात्र सुमारे आठशे वर्षे फ्रान्सिस्कनांच्या सांभाळात आहे. बाहेरची बॅसिलिका भूकंपांत हादरली, आतले ते एवढेसे घर राहिले. आणि नागासाकीत? तेथे १८६५ साली सव्वीस रक्तसाक्षींना अर्पण केलेले ओउरा चर्च पुरे झाले. त्या वर्षी १७ मार्च रोजी उराकामी गावचे काही लोक तेथे आले आणि आपणही ख्रिस्ती असल्याचे त्यांनी तेथील फ्रेंच धर्मगुरूंना हळूच सांगितले. धर्मगुरूंशिवाय, चर्चशिवाय, छळाच्या भीतीने गुप्तपणे, अडीचशे वर्षे त्यांनी श्रद्धा जपली होती. पुढे त्याच उराकामीच्या लोकांनी पै पै साठवून विटांचे एक मोठे ख्रिस्तमंदिर बांधले. १९१४ साली पुरे झालेल्या त्या मंदिराची शैली रोमनेस्क होती; तीच अर्धगोल कमान, तीच जाड भिंत. ९ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबॉम्बने ते जमीनदोस्त झाले आणि त्या वेळी आत असलेले धर्मगुरू व भाविक ठार झाले. १९५९ साली ते पुन्हा बांधण्यात आले. निशिझाका टेकडीवर संतपदाच्या शताब्दीनिमित्त १९६२ साली स्मारक व संग्रहालय उभारले गेले. त्या स्मारकावर सव्वीस मूर्ती एका रांगेत आहेत आणि त्यांत वसईचे गोन्सालोही आहेत.

वसईजवळ गास येथील चर्च त्यांच्या नावाने आहे. १९९८ साली वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला तेव्हा तर या संताचे स्मरण अधिकच जवळचे झाले. खान्देशातून वसईस जाणे अवघड नाही. जळगावहून तापीकाठच्या रेल्वेने नंदुरबार व उधना मार्गे खाली उतरावे, म्हणजे वसई रोड स्थानक लागते. तेथून किल्ल्यापर्यंत वाहने मिळतात. किल्ला पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. सहलीला गेलेली मंडळी समुद्र व बुरूज पाहून परततात. आमची विनंती एवढीच की संत अंतोनी यांच्या चर्चमध्ये थोडा वेळ थांबावे. सकाळी दहाच्या आत गेल्यास पूर्वेकडून येणारे ऊन कमानींच्या आतल्या बाजूला लागते आणि प्रत्येक घडीव दगड वेगळा दिसतो. जमिनीवरील कबरींच्या दगडांवर पाय देऊ नये, कडेकडेने चालावे. बरोबर लहान मुले असतील तर त्यांना सांगावे की गोन्सालो नावाचा एक मुलगा याच कोटात प्रार्थना म्हणावयास शिकला होता.